ओव्हन न लावता कुत्र्यांसाठी फळांचा घरगुती खाऊ

सोनचाफा

गेल्या पावसाळ्यात आमच्या राणीचे वजन १७ किलोंवर गेले. ती नऊ वर्षांची, नसबंदी झालेली देशी कुत्री आहे आणि तिच्या बांध्याला १४ किलो वजन शोभते. तपासणीच्या वेळी पशुवैद्यकांनी तिच्या फासळ्यांवरून बोटे फिरवली, त्या हाताला लागत नाहीत हे मलाही दाखवले, आणि जेवणाव्यतिरिक्त ती दिवसभरात काय काय खाते ते आठ दिवस वहीत लिहून आणायला सांगितले. वही भरू लागले तेव्हा कळले की सकाळच्या चहाबरोबरची दोन बिस्किटे, सासूबाईंनी भरवलेला पोळीचा तूप लावलेला तुकडा, मुलाने शाळेतून आल्यावर दिलेले चीज आणि दुकानातून आणलेल्या खाऊच्या चार कांड्या मिळून जवळजवळ आणखी एका जेवणाएवढा ऐवज तिच्या पोटात जात होता. खाऊ पूर्ण बंद करणे हा एक मार्ग होता. पण हाक मारल्यावर येण्याची आणि नखे कापताना शांत बसण्याची सवय तिला खाऊच्याच आधारावर लागलेली आहे, आणि घरातल्या कुणालाच तिला काही भरवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून फळांचा खाऊ घरी करायला घेतला. आमच्याकडे ओव्हन नाही, त्यामुळे जे काही केले ते शेगडी, मिक्सर आणि फ्रीज यांच्या बळावर. वर्षभरात जे हाती लागले ते सविस्तर मांडते आहे.

आधी प्रमाण, कारण माझी सगळी चूक तिथेच होती. दिवसभरातील एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून अधिक वाटा खाऊचा नसावा, हा पशुवैद्यकांमध्ये सर्वमान्य असलेला नियम आहे. १४ किलोंच्या, नसबंदी झालेल्या, निरोगी प्रौढ कुत्रीला दिवसाला साधारण ८०० कॅलरी पुरतात, म्हणजे खाऊसाठी उरतात ८०; वजन उतरवायचे असेल तर त्याहूनही कमी. सोललेले १०० ग्रॅम केळे जवळपास ९० कॅलरींचे असते. म्हणजे एक मध्यम केळे खाल्ले की राणीचा त्या दिवसाचा खाऊ संपला. हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा मी चकित झाले, कारण तोपर्यंत ‘फळच तर आहे’ या समजुतीवर अख्खे केळे मी सहज देत होते. त्या मानाने कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात फक्त ३० कॅलरी असतात, लाल भोपळ्यात २६, पपईत ४३, सफरचंदात ५२, आणि चिकूत मात्र ८३. चिकू आणि केळे बेताने, कलिंगड आणि भोपळा सढळ हाताने, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते.

दुसरा प्रश्न होता गोळा बांधण्याचा. ओव्हनमध्ये भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांत कणीक शिजते. इथे काही भाजायचेच नसल्यामुळे कच्ची कणीक वापरता येत नाही. त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात आधीच शिजलेले किंवा भाजलेले जे असते ते घ्यावे. मला सर्वांत सोयीचे वाटले ते पातळ पोहे. मंद आचेवर ते कोरडेच चुरचुरीत होईपर्यंत परतायचे, गार करायचे आणि मिक्सरमधून रव्याएवढे भरड काढायचे. पोहे भाताच्या जातीचेच असल्यामुळे बहुतेक कुत्र्यांच्या पोटाला मानवतात आणि फळातले पाणी चटकन शोषून घेतात. सातूचे पीठही उत्तम चालते, मात्र ते घरी दळलेले असावे. बाजारच्या तयार सातूच्या पिठात बहुधा साखर, वेलची, सुंठ आणि जायफळ असते, आणि जायफळ कुत्र्यांना अजिबात देऊ नये. जायफळातील मायरिस्टिसिन हे द्रव्य जास्त प्रमाणात गेले तर कुत्र्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, ते भ्रमिष्टासारखे वागू लागते आणि त्याला झटकेही येऊ शकतात. आपल्या हाताला गोड पदार्थात जायफळ किसण्याची इतकी सवय असते की मी ती डबीच उचलून वरच्या फळीवर ठेवली आहे.

आमच्याकडे सर्वाधिक होणारा प्रकार केळ्याच्या गोळ्यांचा. साल काळी पडू लागलेले एक केळे, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम गर, काट्याने कुस्करून घ्यावा. त्यात चमचाभर चक्का आणि ६० ग्रॅम पोह्यांची भरड घालावी. सुरुवातीला हे मिश्रण ताटलीला चिकटते आणि आणखी भरड घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. झाकण ठेवून वीस मिनिटे थांबले की भरड फुगते आणि थालीपिठाच्या पिठासारखा मऊ गोळा तयार होतो. हाताला पाणी लावून त्याच्या गोटीएवढ्या तीस गोळ्या वळाव्यात आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवाव्यात. एका गोळीत साधारण दहा कॅलरी येतात, त्यामुळे हिशेब अगदी सोपा होतो. राणीला दिवसाला चार मिळतात. शिकवताना मी त्याच गोळीचे तीन तुकडे करते. तिला तुकड्याच्या आकाराचे काही नसते, किती वेळा मिळाले याचेच अप्रूप असते.

उन्हाळ्यात कलिंगडाच्या वड्या करते. बिया काढलेला २०० ग्रॅम गर आणि १०० ग्रॅम ताजे, आंबट न झालेले दही एकत्र घुसळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचे. देताना एक काळजी घ्यावी. फ्रीजरमधून काढलेली वडी दगडासारखी कडक असते आणि ती दाढेखाली फोडताना दाताचा टवका उडू शकतो. म्हणून ती वाटीत पाच-सात मिनिटे ठेवावी आणि चमच्याची कड रुतू लागली की मगच द्यावी.

तिसरा प्रकार लाल भोपळ्याचा. कुकरमध्ये पाणी न घालता वाफवलेला भोपळा, सालासकट किसलेले सफरचंद आणि सातूचे पीठ. सफरचंदाच्या बिया आणि मधला कडक भाग काढून टाकावा. बी चावली गेली की तिच्यातून थोडे सायनाइड सुटते. दोन-चार बियांनी अनर्थ होत नाही, पण त्या ठेवण्याचे काही कारणही नाही.

काय घालू नये, याबद्दल मात्र कोणतीही सूट नाही. द्राक्षे, बेदाणे, मनुका, चॉकलेट, मॅकाडेमिया हा विदेशी सुका मेवा आणि झायलिटॉल असलेला कोणताही ‘शुगर-फ्री’ पदार्थ कुत्र्याच्या तोंडाजवळही जाऊ नये. साखर, गूळ, मीठ यांची गरज नाही. सीताफळ, चिकू, बोर, जांभूळ यांच्या बिया एकूण एक काढाव्यात. सीताफळाची बी चावली गेली तर विषारी आहे, आणि चिकूच्या बीच्या टोकाशी आकडा असतो जो घशात अडकू शकतो. आपल्या घरी काय केले जाते, कुत्र्याला काय मानवले आणि काय नाही, हे सर्वांनी जरूर लिहावे.

अबोली

सोनचाफाताई, लेखन फार उपयोगी आहे आणि प्रमाणाचा भाग वाचून मीही वही काढली. माझी शंका दह्याबद्दल आहे. आमचा मोती तेरा वर्षांचा आहे, पामेरियन आहे, वजन साडेचार किलो. त्याचे पुढचे दात गेले आहेत आणि दाढाही थोड्याच उरल्या आहेत, त्यामुळे त्याला मऊ पदार्थच द्यावे लागतात. दही दिले की दुसऱ्या दिवशी हमखास पोट बिघडते. दह्याला पर्याय आहे का, आणि एवढ्या लहान कुत्र्यासाठी खाऊचे प्रमाण किती धरावे?

कडुलिंब

मी पशुवैद्यक आहे आणि माझ्याकडे येणारे बरेचसे रुग्ण घरगुती कुत्रीच असतात. अबोलीताई, प्रौढ कुत्र्यांच्या शरीरात दुधातील साखर पचवणारे विकर कमी होत जाते, म्हणून दूध अनेकांना बाधते. दह्यात ती साखर काहीशी कमी झालेली असते, तरी काहींना तेवढीही बाधते. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगले की निवळीबरोबर आणखी बरीच साखर निघून जाते, आणि सोनचाफाताईंनी गोळ्यांत दह्याऐवजी चक्का घातला आहे तो योग्यच आहे. मोतीला आधी पाव चमचा चक्का देऊन दोन दिवस पाहा. तरीही पोट बिघडले तर दुधाचे पदार्थ सोडून द्या. वाफवलेला भोपळा तेच काम करतो. साडेचार किलोंच्या वयस्क कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० ते ३५० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला जास्तीत जास्त तीस. वरच्या मापाने केळ्याच्या तीन गोळ्या झाल्या की मोतीचा दिवस भरला. नवीन फळ एका वेळी एकच सुरू करावे, म्हणजे काय बाधले ते कळते.

द्राक्षांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘आमच्या कुत्र्याने चार खाल्ली, काही झाले नाही’ हे वाक्य मी वारंवार ऐकतो. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. पण कोणाला किती द्राक्षे बाधतील याचा अंदाज करता येत नसे. २०२१ मध्ये अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्रातील पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. टार्टारिक आम्लाचे क्षार असलेली क्रीम ऑफ टार्टर ही बेकिंगची पूड खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तशीच लक्षणे त्यांना दिसली होती. द्राक्षाचा वाण आणि पिकण्याची अवस्था यांनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे एका कुत्र्याला काही होत नाही आणि दुसरे दगावते, ही गोष्टही त्यातून समजते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की टार्टारिक आम्ल भरपूर असलेला आणखी एक पदार्थ आपल्या प्रत्येक घरात असतो, तो म्हणजे चिंच. चिंच, चिंचेचा कोळ, चिंचगुळाची आमटी, भेळेची चटणी हे सर्व कुत्र्यापासून दूर ठेवावे. सोनचाफाताई, आपल्या यादीत चिंचेची भर घालावी अशी विनंती करतो.

द्राक्षे किंवा बेदाणे पोटात गेल्याचे कळले तर लक्षणांची वाट पाहू नये. उलट्या पहिल्या दिवसात दिसतात, पण मूत्रपिंडावरचा परिणाम एक ते तीन दिवसांनी उघड होतो आणि तोवर उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये; रक्तातील सोडियम वाढून कुत्रे त्यानेच दगावू शकते. किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, ही तीन उत्तरे तयार ठेवून थेट दवाखाना गाठावा.

माणदेशी

कडुलिंब यांनी लिहिलेले आमच्या भागात प्रत्येक बागायतदाराने वाचावे असे आहे. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीचे थर एकावर एक असतात आणि हंगामात खालच्या जमिनीवर अर्धवट सुकलेल्या मण्यांचा सडा पडलेला असतो. राखणीची कुत्री तिथेच फिरतात. मी स्वतः कारवान कुत्रा पाळतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या आधीच्या कुत्र्याने शेडमध्ये खाल्ले, दोन दिवस ओकत होता, आणि ऊन बाधले असेल या समजुतीने आम्ही त्याला सावलीत बांधून ताक पाजत राहिलो. चौथ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली आणि तो गेला. द्राक्षाशी त्याचा संबंध असू शकतो हे मला तेव्हा कुणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. आता शेडला खालून दोन फूट पत्रा मारला आहे.

मला एक मूलभूत शंका आहे. कारवान हा शिकारी जातीचा, सडपातळ कुत्रा. त्याला फळांची गरज तरी आहे का?

कडुलिंब

माणदेशी, आपल्या कुत्र्याबद्दल वाचून वाईट वाटले. गरज आहे का, याचे सरळ उत्तर नाही असे आहे. ज्याचे रोजचे जेवण पूर्ण आणि समतोल आहे त्या कुत्र्याला फळावाचून काही अडत नाही, आणि जेवण अपुरे असेल तर फळाने ती उणीव भरून निघत नाही. फळाचा उपयोग आहे तो तुपाळ, खारट आणि साखरेच्या खाऊला हलका पर्याय म्हणून. कुत्र्याला गोडाची चव कळते, मांजराला ती कळतच नाही. म्हणून केळ्याची गोळी कुत्र्याला बक्षीस वाटते आणि मांजर तिच्याकडे वळूनही पाहत नाही. आपल्या कारवानला भोपळा-सफरचंदाची गोळी आवडत नसेल तर शिजवलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्या, त्यात काहीच गैर नाही.

पळसफूल

आम्ही नागपूरकर. एप्रिल ते जून या काळात गार खाऊ हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय असतो, म्हणून कलिंगडाच्या वड्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो. त्या उन्हाळ्यातला विरंगुळा आहेत, उष्माघातावरचा उपचार नाहीत. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग असतो. जे कुत्रे आधीच जोरजोरात धापत आहे, ज्याची लाळ चिकट झाली आहे, हिरड्या लालभडक दिसत आहेत, त्याच्या तोंडात गोठलेली वडी कोंबली तर ती श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. आमची पग जातीची कुत्री आहे. चपट्या नाकामुळे तिला एरवीही श्वास घ्यायला त्रास होतो, म्हणून तिला मी वडी देतच नाही. तेच मिश्रण पसरट ताटलीत पातळ थर करून गोठवतो आणि ती ते सावकाश चाटते. तव्याएवढ्या स्टीलच्या ताटलीत पाव इंचाचा थर दिला की अर्धा तास तिचा छान जातो. मात्र ताटली फ्रीजरमधून काढल्याबरोबर देऊ नये, ओली जीभ गार धातूला चिकटते. चिनी मातीची बशी असेल तर अधिक चांगले.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. इथे ओव्हनशिवाय होणाऱ्या खाऊच्या जवळपास प्रत्येक कृतीत पीनट बटर असते, आणि त्याबद्दल सावध करावेसे वाटते. काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले असते. कुत्र्याच्या पोटात ते गेले की इन्शुलिन एकदम स्रवते, अर्ध्या-पाऊण तासात रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली येते, आणि मात्रा जास्त असेल तर यकृतही निकामी होते. डब्यावर ते प्रत्येक वेळी त्याच नावाने लिहिलेले असेल असेही नाही. ‘बर्च शुगर’ म्हणजे तेच, आणि युरोपीय पद्धतीच्या क्रमांकांत ते ई ९६७ असते. आता भारतातही ‘विनासाखर’ पीनट बटर सर्रास मिळते, म्हणून घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी.

मी ते विकत आणणेच सोडले आहे. शेंगदाणे भाजून, फोलपटे पाखडून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले की झाले. आपण कूट करतो त्याच्या पुढची पायरी. फक्त दाणे निवडून घ्यावेत. खवट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा काळपट डाग असलेला दाणा टाकून द्यावा, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन कुत्र्यांच्या यकृताला फार घातक असते आणि भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. शिवाय दाण्यांत १०० ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, तेव्हा तीस गोळ्यांच्या घाण्याला एक चमचा पुरे.

सुरंगी

आंब्याबद्दल कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. रत्नागिरीकडे मे महिन्यात कुत्र्याला आंबा द्यायचा की नाही हा प्रश्न आपल्या हातात राहतच नाही. झाडाखाली पडलेला फळांचा खच ते स्वतःच शोधते. पिकलेल्या हापूसचा गर दोन चमचे द्यायला हरकत नाही, आमचा वाघ्या तो आनंदाने खातो. धोका कोयीचा आहे. दोन वर्षांपूर्वी वाघ्याने परसातल्या पाटीतली चोखलेली कोय पळवली आणि जवळजवळ अख्खी गिळली. पहिल्या दिवशी तो नुसता गप्प होता. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायले तरी उलटून पडू लागले, आणि पोटाला हात लावला की तो अंग चोरायचा. आम्ही दोन दिवस अपचन समजून ओव्याचे पाणी देत राहिलो, ही चूक आमचीच. सोनोग्राफीत कोय लहान आतड्यात अडकलेली दिसली आणि शस्त्रक्रिया करून काढावी लागली. ती माझ्या हातात दिली तेव्हा तिच्यावरचे धागे तसेच होते. पचनरसाने तिला काहीही केले नव्हते. तेव्हापासून आमच्या घरी कोयींसाठी झाकणाची बादली आहे आणि पाहुण्यांनाही ती पहिल्या दिवशी दाखवली जाते.

आमरसाचा खाऊ करायचा असेल तर साखर आणि वेलची घालण्याआधी वाटीभर रस बाजूला काढावा, त्यात तेवढाच वाफवलेला भोपळा मिसळावा आणि पोह्यांची भरड घालून गोळ्या वळाव्यात. नुसत्या आंब्यापेक्षा कॅलरी कमी होतात आणि रंगही सुरेख येतो.

तगर

जेलीसारख्या वड्या कुणी केल्या आहेत का? मी जिलेटिन घालून अननसाच्या करून पाहिल्या. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही पाणीच राहिले. दुसऱ्यांदा जिलेटिन दुप्पट घातले, तरी तसेच. दुसरी अडचण अशी की आमच्या लॅब्रॅडॉरला मधुमेह असल्याचे गेल्या महिन्यात कळले, त्याला यातले काय चालेल?

सोनचाफा

तगर, जिलेटिन कितीही वाढवले तरी त्या वड्या लागणार नाहीत. जिलेटिन हे प्रथिन आहे आणि न शिजवलेल्या अननसात प्रथिने तोडणारे ब्रोमेलेन हे विकर असते. पपईतही त्याच प्रकारचे पपेन असते. फळ पाच मिनिटे उकळून घेतले की विकर निष्प्रभ होते आणि जिलेटिन धरते. मी मात्र चायना ग्रास वापरते. ते समुद्री शेवाळापासून काढलेले असल्यामुळे त्यात ही अडचण येत नाही, आणि आमच्या शाकाहारी घरात जिलेटिन येत नाही हेही आहेच. २५० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम चायना ग्रासची पूड घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत दोन-तीन मिनिटे उकळावी. नुसत्या गरम पाण्यात ती विरघळत नाही. मग कोमट, कुस्करलेला फळाचा गर मिसळावा. गर फ्रीजमधला गार असेल तर ओतताक्षणी गुठळ्या होतात. हे मिश्रण फ्रीजबाहेरही लागते आणि उन्हाळ्यात विरघळत नाही, म्हणून प्रवासात न्यायला या वड्या सोयीच्या पडतात.

कडुलिंब, चिंचेबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे पाणीपुरीच्या दिवशी राणी टेबलाखालीच बसलेली असते, आणि मला हे खरोखर माहीत नव्हते.

कडुलिंब

तगर, मधुमेही कुत्र्याचे इन्शुलिन त्याच्या जेवणाच्या वेळांशी आणि प्रमाणाशी जुळवलेले असते. मधल्या वेळी दिलेले केळे, चिकू किंवा आंबा ते गणित विस्कटून टाकतात, म्हणून आपल्या पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय कोणतेही फळ सुरू करू नका. काकडीच्या चकत्या आणि वाफवलेली फरसबी बहुतेकांना चालतात, आणि लॅब्रॅडॉर तीही मोठ्या आवडीने खातात. ज्यांच्या कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे त्यांनी शेंगदाणे आणि ओले खोबरे पूर्ण टाळावे, कारण त्यातील स्निग्धांश पुन्हा तो त्रास उद्भवायला पुरेसा ठरू शकतो.

साठवणुकीबद्दल थोडे. या पदार्थांत साखर, मीठ किंवा इतर काही टिकाऊ घटक नसल्यामुळे फ्रीजमध्ये ते तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. फ्रीजरमध्ये महिनाभर चांगले राहतात. दीर्घ काळ वीज जाऊन विरघळलेला खाऊ पुन्हा गोठवू नये, टाकून द्यावा.

अबोली

दहा दिवसांनी लिहिते आहे. चक्का पाव चमच्यापासून सुरू केला, तिसऱ्या दिवशी अर्धा चमचा दिला, पोट व्यवस्थित आहे. गोळ्या मात्र मोतीला जमल्या नाहीत. तो त्या तोंडात घोळवायचा आणि चटईखाली नेऊन ठेवायचा. मग पळसफूल यांनी सांगितलेला बशीचा उपाय केला. दोन चमचे वाफवलेला भोपळा, अर्धा चमचा चक्का आणि किसलेल्या सफरचंदाची चिमूट एकत्र करून बशीत पातळ पसरते आणि फ्रीजमध्ये, न गोठवता, थंड करते. सकाळी उन्हाच्या तिरिपीत बशी ठेवली की तो पुढचे दोन्ही पाय तिच्या कडेला टेकवतो आणि दहा-बारा मिनिटे चाटत राहतो. कालपासून बशी संपल्यावर ती नाकाने ढकलत ढकलत स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आणतो. सोनचाफाताई, भोपळा चाळणीतून गाळून घेऊ का, की धागे तसेच राहिले तरी चालतील?

सोनचाफा

गाळून घ्या. दात नसताना धागे टाळ्याला चिकटतात आणि मग कुत्रे पंजाने तोंड खाजवत बसते. पुरणयंत्राची बारीक जाळी असेल तर त्यातून एकदा काढलेला भोपळा पुरतो.